डुर्शवेक्सेल्न: पात्याखालून टोक पलीकडे नेण्याचा जर्मन डाव, नवशिक्यांसाठी

तुम्ही उजव्या खांद्यावरून वार करता. समोरचा तुमच्या डोक्याकडे किंवा छातीकडे बघतच नाही, तो तुमच्या तलवारीवर वार करतो, ती एकदाची बाजूला सारायची म्हणून. त्याचं पातं तुमच्या पात्याला लागायच्या आत तुम्ही टोक खाली सोडता, त्याच्या पात्याखालून पलीकडे काढता आणि त्याच्या छातीवर लावता. दारावर खांदा मारायला धावावं आणि नेमकी तेव्हाच आतून कुणी कडी काढावी, तशी त्याची गत होते. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या जर्मन तलवारबाजीत या डावाला डुर्शवेक्सेल्न म्हणतात, म्हणजे आरपार बाजू बदलणं.

लांब दुहाती तलवार शिकायला लागलेल्यांना हा डाव फार लवकर आवडतो आणि फार उशिरा जमतो. कारण बहुतेकांना वाटतं, ही मनगटाची करामत आहे. मनगटाची हालचाल तासाभरात येते. अवघड असतं ते हे ओळखणं, की समोरचा माझ्यावर वार करतोय की माझ्या तलवारीवर. पहिल्या प्रकारच्या माणसावर डुर्शवेक्सेल्न केलं तर आपणच मार खातो. दुसऱ्या प्रकारच्या माणसावर ते जवळपास हमखास लागतं. या लेखातली प्रत्येक पायरी शेवटी याच फरकाकडे येते.

हे कुठून आलं

योहानेस लीश्टेनाउअर हा या परंपरेचा मूळ गुरू. त्याने आपली विद्या यमकबद्ध ओळींत बांधली, तीही मुद्दाम झाकून, बाहेरच्याला कळू नये अशा भाषेत. पुढच्या पिढ्यांतल्या गुरूंनी त्या ओळींवर टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारी भाष्यं, लिहिल्या आणि आपल्याला जे कळतं ते मुख्यतः त्या टीकांमुळेच. अशी एक प्रत 1452 सालची आहे आणि ती आज रोममध्ये आहे. झिगमुंड रिंगेकच्या नावाची टीका ड्रेस्डेनच्या हस्तलिखितात सापडते. लीश्टेनाउअरच्या लांब तलवारीच्या विद्येचे सतरा भाग मानतात: पाच वार आणि त्यानंतरचे बारा विषय. त्या बारांमध्ये डुर्शवेक्सेल्न आहे, आब्झेत्सेन (समोरचा वार बाजूला सारतच टोक लावणं) आणि त्सुकेन (भिडलेलं पातं मागे ओढून घेणं) यांच्या मधोमध.

मूळ ओळींचा आशय थोडक्यात असा: बाजू बदलायला शीक, दोन्ही बाजूंनी नेटाने टोक घाल, जो तुझ्या पात्याला भिडायला येईल त्याला हा डाव लगेच गाठतो. टीकाकार त्यापुढे सगळ्यात उपयोगी गोष्ट सांगतात. हा डाव कुणाविरुद्ध वापरायचा? ज्यांना अडवायला आवडतं आणि जे शरीराच्या मोकळ्या जागांवर वार न करता तलवारीवर वार करतात, त्यांच्याविरुद्ध. मी शिकवताना सुरुवात इथूनच करतो. हात कसे हलवायचे ते नंतर.

योआखिम मायरचं 1570 चं स्ट्रासबुर्गचं पुस्तक वाचणाऱ्यांना हाच डाव जरा वेगळा दिसेल. तोवर लांब तलवारीचा खेळ मुख्यतः धारेच्या वारांचा झाला होता आणि टोकाचा वापर जवळपास बंद होता. त्यामुळे तिथे पात्याखालून पलीकडे गेल्यावर बहुधा वार येतो. दोन्ही शिका, पण सुरुवात जुन्या, टोकाच्या रूपाने करा. चूक कुठे होते ते त्यात स्वच्छ दिसतं.

सामान

हा टोकाचा डाव आहे, त्यामुळे सुरक्षेत काटकसर चालणार नाही. तलवार म्हणून फेडर घ्या. ही सरावासाठीची बोथट तलवार असते. पातं टोकाकडे लवचीक, मुठीजवळ रुंद, वजन साधारण दीड किलोच्या आसपास. टोक गुंडाळलेलं किंवा रबराने झाकलेलं हवं. नायलॉनची तलवार पहिल्या दोन पायऱ्यांपुरती चालते, पण ती टोकाच्या वाराला फेडरसारखी वाकेलच असं नाही, म्हणून जोडीदाराच्या अंगावर तिने जोराने टोक लावू नका.

मास्क 1600 न्यूटन दर्जाचा, डोक्याची मागची बाजू झाकणाऱ्या आवरणासकट. गळ्याला कडक गळपट्टा, मास्कच्या खालच्या कापडावर भरवसा ठेवून चालत नाही. डुर्शवेक्सेल्नमध्ये टोक खालून वर येतं आणि खालून वर येणारं टोक हनुवटीखाली घुसायला बघतं. जाड जाकीट आणि बोटं नीट झाकणारे हातमोजे हवेतच. गळपट्टा नसेल त्या दिवशी जोडीने हा सराव नको, एकट्याने करा.

आधी एकट्याने

लाठीसारखी एक काठी खिडकीच्या गजाला किंवा खांबाला आडवी बांधा, छातीच्या उंचीवर, तिचं एक टोक तुमच्याकडे. ही समोरच्याची तलवार. डावा पाय पुढे ठेवून लांगोर्ट पवित्र्यात उभे राहा: दोन्ही हात पुढे, कोपर ताठ न करता लांबवलेले, टोक समोर, चेहऱ्याच्या रेषेत. तुमचं पातं काठीच्या उजव्या बाजूला ठेवा.

आता हातांकडे लक्ष द्या. उजवा हात पातं आणि मूठ यांच्यामधल्या आडव्या दांडीच्या अगदी मागे आहे, डावा हात मुठीच्या शेवटच्या गोळ्यावर. उजवा हात जागेवरच राहतो, तो खुंटा आहे. काम डावा हात करतो. डावा हात तळव्याएवढा वर उचला, म्हणजे टोक खाली जाईल. तो किंचित उजवीकडे न्या, म्हणजे टोक काठीखालून डावीकडे येईल. मग डावा हात परत खाली आणा, म्हणजे टोक काठीच्या डाव्या बाजूने वर येईल. वर, उजवीकडे, खाली. एवढंच. टोकाने हवेत एक अरुंद वाटी काढली पाहिजे, परात नव्हे. काठी आणि पातं यांच्यात चार बोटांपेक्षा जास्त अंतर पडत असेल तर हालचाल मोठी होतेय.

इथे दोन चुका हटकून होतात. पहिली, दोन्ही हात टोकाबरोबर खाली जातात आणि डोकं उघडं पडतं. आरसा समोर ठेवा, उजवी मूठ छातीखाली उतरते का ते बघा. दुसरी, टोक वर आलं की लोक थांबतात. थांबायचं नाही. टोक वर येणं आणि पुढे जाणं या दोन वेगळ्या हालचाली झाल्या की समोरच्याला मधे वेळ मिळतो. वाटीची वर येणारी बाजू सरळ छातीत संपली पाहिजे.

दोन्ही दिशांनी करा. मूळ ओळींत दोन्ही बाजूंनी म्हटलंय ते उगाच नाही, डावीकडून उजवीकडे जायचा प्रसंग पुढे येतोच. डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं.

आजच्या खेळातल्या तलवारबाजीचे फॉइल किंवा एपी हे प्रकार खेळलेल्यांना इथे त्यांचा डिसएंगेज आठवेल. महाराष्ट्रात शालेय तलवारबाजीतून आलेले बरेच जण असतात आणि टोक खालून नेणं त्यांच्या हातात आधीच असतं. त्यांना अडचण वेगळी येते. एका हातात हलकं पातं असताना बोटांनी जे होतं ते इथे दोन हातांच्या तरफेने करायचं असतं, आणि समोरून येणारा वार तुमच्या पात्याला नुसता ढकलत नाही, पुढे अंगावर उतरतो. बोटांची सवय सोडायला त्यांना थोडा वेळ द्या.

जोडीदारासह: स्थिर टोक

टीकांमध्ये हा डाव अनेक तऱ्हांनी येतो. त्यातली नवशिक्यासाठी सगळ्यात सोपी ही. तुम्ही लांगोर्टमध्ये उभे राहून टोक समोरच्याच्या चेहऱ्यासमोर धरायचं. त्याला ते टोक खुपतं, तो तलवार झटकून टाकायला वार करतो. तुम्ही टोक खाली बुडू देता आणि दुसऱ्या बाजूने घालता.

जोडीदाराने आपल्या उजव्या खांद्यावरून तुमच्या पात्यावर वार करायचा, सुरुवातीला अगदी संथ. त्याचं पातं तुमच्या डावीकडून येईल. तुम्ही टोक बुडवलं की ते तुमच्या उजवीकडे निघून जाईल आणि तुमचं टोक त्याच्या पात्याच्या डाव्या बाजूने वर येईल. त्याच क्षणी पुढचा डावा पाय तिरका, डावीकडे पुढे टाका आणि मूठ किंचित उजवीकडे ठेवा. पाय तुम्हाला त्याच्या वाराच्या रेषेतून बाहेर काढतो. मूठ त्याच्या पात्याच्या आणि तुमच्या मधे उभी राहते, तो वळून परत आला तरी दाराशी कुणीतरी असतं. सरळ पुढे पाय टाकून हा डाव करणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. टोक लागतं, पण त्याच क्षणी खाली जाणारं पातं त्यांच्या दंडावर किंवा मांडीवर उतरतं. खऱ्या तलवारीने ते दोघंही गेले असते.

टोक छातीवर लागलं की कोपर सैल सोडा, फेडर वाकू द्या. ढकलायचं नाही.

वेळेचं गणित इथेच शिका. त्याचे हात पुढे यायला लागले की टोक बुडवायला सुरुवात. फार आधी बुडवलं तर तो वार थांबवेल आणि खाली गेलेल्या तुमच्या टोकावरून सरळ आत येईल. फार उशीर झाला तर पातं पात्याला लागेल. एकदा लागलं की डुर्शवेक्सेल्न संपलं. तिथून पातं मागे ओढून दुसऱ्या बाजूला जाणं हा त्सुकेन, स्वतंत्र डाव. टीकांत हा भेद स्पष्ट आहे: समोरचा पात्याला भिडायच्या आधी टोक खालून सरकवायचं. सरावात टणकन आवाज आला की ती फेरी बाद धरा. कान फार चांगला शिक्षक आहे.

वारातून

आता मूळ रूप. दोघं अंतरावरून जवळ येताहेत. तुम्ही उजवा पाय टाकत उजव्या खांद्यावरून लांब वार करता. जोडीदार आपल्या उजवीकडून तुमच्या पात्यावर वार करतो. तुमचं टोक वाराच्या ओघातच खाली जातं, पलीकडे येतं, आणि डावा पाय तिरका टाकत तुम्ही छातीवर टोक लावता.

ओघ हा शब्द मी जपून वापरतोय. वार करून थांबायचं आणि मग टोक फिरवायचं असं नाही. वार खाली येत असतानाच टोकाची वाट बदलते. हात पुढे पोहोचलेले असतात, पातं समोरच्याकडे झुकत असतं आणि तेव्हाच डावा हात वर उचलला जातो. नवशिक्यांना हे जोडकाम तुटक जमतं, ते साहजिक आहे. वार आणि बदल एकाच श्वासात सोडायला सांगितलं की पुष्कळांचं सुटतं.

पहिला वार खरा असला पाहिजे. हूल म्हणून अर्धवट सोडलेला वार समोरच्याला लगेच कळतो: खांदा पुढे येत नाही, पाय जमिनीवर विश्वासाने पडत नाही. मग तो तलवारीवर धावून येतच नाही, आणि आला नाही तर पात्याखालून जायला पातंच नसतं. म्हणून जोडीदाराला सांगा, दर चार-पाच फेऱ्यांत एकदा मुद्दाम अडवायचं नाही. तुमचा वार तेव्हा मास्कवर पोहोचला नाही, तर तुम्ही वार करतच नव्हता.

निवडीचा सराव

माझ्या मते सगळ्या वेळातला निम्मा वेळ इथे द्यावा. वरचाच सराव, पण आता जोडीदाराला दोन पर्याय. एक, तुमच्या तलवारीवर वार. दोन, तुमच्या अंगावर वार, टोक तुमच्या चेहऱ्याकडे किंवा छातीकडे ठेवून. कुठला ते तो ठरवेल, आधी सांगणार नाही. पहिला आला तर तुम्ही बाजू बदलायची. दुसरा आला तर बदलायची नाही, त्याच्या पात्याला भिडायचं, आपलं टोक त्याच्यावर ठेवायचं आणि तिथून पुढचं काम करायचं.

ओळखायचं कसं? टोकाकडे बघा. तलवारीवर वार करणाऱ्याचं टोक तुमच्या खांद्यापलीकडे आडवं जातं. अंगावर वार करणाऱ्याचं टोक तुमच्याकडे मोठं होत येतं. दुसरी खूण हातांची. तलवारीवर वार करणारा हात आखडून, शरीराजवळ ठेवून मारतो, त्याला जोर हवा असतो, लांबी नको असते. शीलहाउ या पाच वारांपैकी एका वारावरच्या लीश्टेनाउअरच्या ओळींतही हेच येतं: समोरचा आखडून लढत असेल तर बाजू बदलणं त्याला हरवतं. तिसरी खूण म्हणजे डोळे. नवशिका अडवणारा जवळजवळ नेहमी पात्याकडे बघतो, माणसाकडे नाही. पण डोळ्यांवर एकट्या भरवसा नको, अनुभवी माणूस नजर लपवतो.

आणि चुकाल तेव्हा त्या चुकीचा अर्थ लावा. अंगावर आलेल्या वाराखालून तुम्ही टोक नेलंत तर दोघांनाही लागेल, बहुधा तुम्हाला आधी. असं झालं की फेरी थांबवा आणि जोडीदाराला विचारा, त्याचं टोक कुठे होतं. दोघांनी मिळून ती जागा हवेत दाखवा. वेग वाढवण्यापेक्षा या दहा सेकंदांनी जास्त शिकायला मिळतं.

दुसऱ्यांदा बदल

चांगला जोडीदार तुमचं टोक पलीकडे गेलेलं बघेल आणि अडवायला पातं तिकडे नेईल. टीका सांगते, मग पुन्हा बदल. तो पातं उजवीकडून डावीकडे ओढत नेतोय, त्याच्याखालून टोक पहिल्या बाजूला परत आणा आणि घाला. म्हणून एकट्याच्या सरावात दोन्ही दिशा करायच्या होत्या.

तिसऱ्यांदा मात्र बदलू नका. दोनदा बदलूनही तो तुमच्या पात्याचा पाठलाग करत असेल, तर दोघं आता इतके जवळ असतात की धारेने हात कापणं किंवा अंगाला भिडणं जास्त सुरक्षित. शिवाय प्रत्येक बदलात तुमचं टोक क्षणभर त्याच्यावरून हटलेलं असतं, आणि तो क्षण फुकट मिळत नाही.

मोकळ्या खेळात

आधी संथ, ठरवलेल्या वेगात मोकळा खेळ करा, दोघांनाही मधे थांबवायची मुभा ठेवून. एक नियम घाला: फेरीत डुर्शवेक्सेल्न करायचं, पण तीनदाच. मर्यादा आली की माणूस संधी शोधायला लागतो. समोरच्याने आधी एकदोनदा तुमची तलवार झटकून टाकली का, हे लक्षात ठेवा. ज्याला अडवण्यात यश आलंय तो पुन्हा अडवणारच. पहिले दोन वार त्याला जोरात अडवू द्यायचे आणि तिसऱ्या वाराला पातंच मिळू द्यायचं नाही, ही या डावातली सगळ्यात समाधानाची गोष्ट आहे.

ताकदीने मोठ्या माणसाविरुद्ध तर हा डाव शिकावाच. दणकट जोडीदार तुमची तलवार रोज उडवून लावत असेल, तर जास्त जोराने वार करणं हा उपाय नाही.

तुमच्यावर कुणी केला तर

उतारा त्याच टीकांत आहे आणि तो शिकल्याशिवाय डाव पूर्ण कळत नाही. वार नेहमी माणसावर करायचा, तलवारीवर नाही. समोरच्याचा वार अडवायचा असला तरी तुमचं पातं त्याच्या चेहऱ्याच्या किंवा छातीच्या रेषेत उतरलं पाहिजे आणि हात लांब असले पाहिजेत. मग तो खालून निघून गेला तरी तुमचा वार त्याच्यावर पडतोच. पातं त्याच्या खांद्याच्या बाहेर न्यायचं नाही, ते गेलं की दार उघडं.

समजा ते गेलंच आणि त्याचं टोक खाली बुडताना दिसलं, तर त्या टोकामागे खाली पातं नेऊ नका. त्याला तेच हवंय. त्याचं टोक तुमच्यावरून हटलं आहे तोवर मूठ समोर आणा, टोक त्याच्या छातीकडे करा आणि सरळ पुढे घाला. हे जमेपर्यंत एक आठवडा भूमिका उलट करा. जोडीदार डुर्शवेक्सेल्न करेल, तुम्ही फक्त अडवताना टोक रेषेत ठेवायचं. त्याचा डाव लागेनासा झाला की परत तुमची पाळी.